टर्पेंटाइन तेल : गुणधर्म, उपयोग आणि घ्यायची काळजी



ज्या घरात कधी ना कधी ऑईलपेंटचा डबा उघडला गेलाय, त्या घरात टर्पेंटाइनची बाटली येऊन गेलेली असते. कुणी त्याला टर्पेंटाइन म्हणतं, कुणी तारपीनचं तेल, तर पेंटर मंडळी नुसतं 'टर्पिन' म्हणतात. काम झालं की उरलेली बाटली खिडकीत, जिन्याखाली नाहीतर बाथरूमच्या कोपऱ्यात जाते आणि आपण तिला विसरून जातो.

मीही अशीच विसरले होते. खडवलीजवळच्या एका छोट्या शाळेत मी शिकवते. बोलक्या भिंतींचं काम चालू होतं. पाढे, बाराखडी, सूर्यमाला, सगळं ऑईलपेंटमध्ये. ब्रश धुवायला थोडं टर्पेंटाइन वेगळं काढून ठेवायचं म्हणून पेंटरदादांनी रिकामी बाटली मागितली. मी माझी पाण्याची बाटली दिली. संध्याकाळी ते गेले, बाटली खिडकीतच राहिली. दुसऱ्या दिवशी दुसरीतला एक मुलगा खेळून घामाघूम होऊन आला, ती बाटली उचलली, झाकण उघडलं आणि तोंडाजवळ नेऊन थांबला. "बाई, ह्या पाण्याला कसला वास येतो?"

त्याला वास आला म्हणून तो थांबला. सर्दी झालेली असती तर? हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. पेंटरदादांना बोलून काय उपयोग, बाटली तर मीच दिली होती! म्हणून ठरवलं, ह्या तेलाची नीट माहिती घ्यायची आणि सगळ्यांना सांगायची. चला तर मग, सुरुवातीपासून पाहू.

टर्पेंटाइन म्हणजे नक्की काय?

नावात तेल असलं तरी हे शेंगदाण्याच्या किंवा खोबऱ्याच्या तेलासारखं तेल नाही. ते झाडाच्या चिकापासून मिळतं. 'टर्पेंटाइन' हे नाव भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या टेरेबिंथ नावाच्या झाडावरून पडलं. आज मात्र ते मुख्यतः पाइन म्हणजे सूचिपर्णी झाडांपासून काढतात. आपल्या देशात हे झाड म्हणजे हिमालयातला चीड. उत्तराखंड, हिमाचल, जम्मूकडे डोंगरच्या डोंगर चीडच्या झाडांनी भरलेले आहेत. आपल्या सह्याद्रीत चीडची नैसर्गिक जंगलं नाहीत, त्यामुळे आपल्याकडे हे तेल कायम बाहेरूनच आलं.

चीडच्या खोडाला खाच पाडतात आणि खाली भांडं लावतात. ताडी काढताना मडकं बांधतात ना, साधारण तसंच. खाचेतून चिकट चीक हळूहळू गळत राहतो. हा चीक वाफेबरोबर तापवला की त्यातला उडून जाणारा भाग वाफेसोबत वर जातो आणि थंड केल्यावर द्रव म्हणून मिळतो. तो म्हणजे टर्पेंटाइन तेल. खाली जो घट्ट, पिवळसर, काचेसारखा भाग उरतो त्याला राळ किंवा रोझिन म्हणतात. व्हायोलिन वाजवणारे आपल्या गजाला जी वडी घासतात, ती ह्या राळेचीच. ढोबळमानाने चिकाचा पाचवा भाग टर्पेंटाइन आणि बाकीची बरीचशी राळ असा हिशेब पडतो.

दुकानात मिळतं ते हेच का?

इथं बहुतेकांची फसगत होते. हार्डवेअरच्या दुकानात आपण "टर्पेंटाइन द्या" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हातात पडतं ते मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे एमटीओ. हे झाडापासून नाही, तर खनिज तेलापासून बनतं. रॉकेल आणि पेट्रोलच्या कुटुंबातलाच हा द्रव. रंग पातळ करायला तो चालतो आणि स्वस्तही पडतो, म्हणून पेंटर तोच वापरतात.

दोघांत फरक कसा ओळखायचा? मुद्दाम नाक लावून हुंगू नका, बाटली उघडल्यावर आपोआप वास येतोच. झाडाच्या टर्पेंटाइनला उग्र, पण पाइनच्या लाकडासारखा किंवा फिनाईलसारखा वास असतो. एमटीओला रॉकेलच्या जवळचा वास असतो. सगळ्यात चांगलं म्हणजे बाटलीवरचं लेबल वाचणं. आणि एक लक्षात ठेवा, पुढे सांगितलेले आगीचे आणि पोटात जाण्याचे धोके दोन्हींना लागू आहेत. 'हे झाडाचं आहे, नैसर्गिक आहे, म्हणून निरुपद्रवी' असं अजिबात नाही.

गुणधर्म

१. रंग आणि रूप : ताजं टर्पेंटाइन पाण्यासारखं स्वच्छ, रंगहीन असतं. धोक्याचं मूळ इथंच आहे.

२. पाण्यात विरघळत नाही : त्याची घनता साधारण ०.८६ आहे, म्हणजे पाण्यापेक्षा हलकं. पाण्यात ओतलं तर वर तरंगतं.

३. विद्रावक : तेलकट, चिकट, मेणकट पदार्थ त्यात छान विरघळतात. ऑईलपेंटचा ब्रश पाण्यानं धुतला जात नाही, पण टर्पेंटाइननं लगेच स्वच्छ होतो, तो याच गुणामुळे.

४. रासायनिक रचना : त्यात मुख्यतः पाइनीन नावाचं संयुग असतं. त्याच्या एका रेणूत कार्बनचे १० आणि हायड्रोजनचे १६ अणू असतात. नुसता कार्बन आणि हायड्रोजन म्हटल्यावर लक्षात आलंच असेल की हे पेटणार!

५. उत्कलनांक : साधारण १५४ ते १७० अंश सेल्सिअस. पण उकळायच्या कितीतरी आधी, साध्या हवेतही त्याची वाफ होत असते.

६. ज्वलनबिंदू : द्रवाच्या वरची वाफ ठिणगी लागल्यावर भडकू शकेल असं सर्वात कमी तापमान. टर्पेंटाइनसाठी ते साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. आता जरा विचार करा. एप्रिल-मे महिन्यात आपल्या कल्याण-शहापूर पट्ट्यात पारा ३८-४० च्या घरात जातो. म्हणजे पत्र्याच्या खोलीत ठेवलेली उघडी बाटली दुपारी आपोआपच ज्वलनबिंदूच्या वर गेलेली असते. फक्त ठिणगीची वाट. आणि शाळा रंगवायचं काम आपण नेमकं मे महिन्यातच काढतो.

७. वाफ हवेपेक्षा जड : ही वाफ हवेच्या साडेचार पटींहून जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते. एका कोपऱ्यात रंगकाम आणि दुसऱ्या कोपऱ्यात देवापुढे समई, तर वाफ सरपटत समईपर्यंत पोहोचू शकते. हवेत ही वाफ एक टक्क्याहूनही कमी असली, तरी पेट घ्यायला पुरते.

८. जुनं झाल्यावर : हवा लागून ते पिवळसर, दाट, चिकट होतं. अशा जुन्या टर्पेंटाइननं त्वचेला खाज, पुरळ, इसब होण्याची शक्यता जास्त. वर्षानुवर्षं पडून असलेली बाटली 'अजून चांगलं आहे' म्हणून हाताला लावू नका.

मुलांसाठी एक सुरक्षित प्रयोग

संत्र्याच्या सालीत लिमोनीन नावाचा पदार्थ असतो. त्याच्या रेणूतही कार्बनचे १० आणि हायड्रोजनचे १६ अणूच असतात, फक्त मांडणी वेगळी. म्हणजे हा पाइनीनचा भाऊच. फुगा घट्ट फुगवा आणि संत्र्याची ताजी साल त्याच्यावर दाबून फवारा उडवा. बहुतेक वेळा फुगा फट्कन फुटतो, कारण लिमोनीन रबराला विरघळवून कमकुवत करतं. डोळ्यांत फवारा जाऊ देऊ नका एवढंच. विद्रावक म्हणजे काय, हे सांगायला मला याहून सोपा प्रयोग सापडला नाही. ह्यासाठी टर्पेंटाइन वर्गात आणायची गरजच नाही.

उपयोग

रंगकाम : ऑईलपेंट, व्हार्निश पातळ करणं, ब्रश आणि हात-भांडी साफ करणं हा सगळ्यांना माहीत असलेला उपयोग. तैलरंगात चित्रं काढणारे चित्रकार शुद्ध केलेलं टर्पेंटाइन वापरतात.

छपाई : राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तिथं छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घराघरांत पोहोचल्या. शिळाछापाच्या तंत्रात दगडावरची तेलकट शाई धुऊन काढायला टर्पेंटाइन वापरतात.

कापूर : हे वाचून मलाही आश्चर्य वाटलं होतं. आरतीला आपण जो साधा कापूर लावतो तो पूर्वी कापराच्या झाडापासून मिळायचा. आज बाजारातला बराचसा कापूर कारखान्यात टर्पेंटाइनमधल्या पाइनीनपासून तयार करतात. म्हणजे टिटवाळ्याच्या गणपतीपुढे आपण कापूर पेटवतो तेव्हा त्याचं मूळ एखाद्या चीडच्या चिकात असू शकतं. कापूर भुर्रकन का पेटतो, ह्याचंही उत्तर त्यातून मिळतं.

स्वच्छता आणि सुगंध : फरशी पुसायच्या काही द्रवांत असतं ते पाइन ऑईल, साबण-अत्तरांतले काही सुगंधी पदार्थ, बूटपॉलिश, फर्निचरचं पॉलिश ह्या सगळ्यांशी टर्पेंटाइनचं नातं आहे.

औषध : सांधेदुखी, मुरगळणं यावर चोळायच्या काही मलमांत आणि तेलांत टर्पेंटाइन ठरावीक प्रमाणात असतं. ते तयार औषध वेगळं आणि हार्डवेअरच्या दुकानातली बाटली वेगळी. ती बाटली घेऊन गुडघे चोळू नका. लहान मुलांच्या छातीला तर मुळीच लावू नका. आणि मोबाईलवर कुणी 'टर्पेंटाइन प्यायल्यानं जंत पडतात' वगैरे पाठवलं, तर ते पुढे पाठवायचं नाही, तिथंच थांबवायचं.

गुरं-ढोरं : आपल्या गावांकडे गाई-म्हशींचं पोट फुगलं की गोडेतेलात टर्पेंटाइन मिसळून पाजतात. जखमेत अळ्या पडल्या तर टर्पेंटाइनचा बोळा ठेवतात. पशुवैद्यकातही असे उपयोग आहेत, पण प्रमाण डॉक्टरच ठरवतात. घाईघाईत मान वर धरून पाजताना तेल श्वासनलिकेत गेलं, तर जनावराच्या फुप्फुसाला सूज येऊन ते दगावू शकतं. शिवाय ते एमटीओ निघालं तर अजूनच कठीण. म्हणून आधी डॉक्टरांना फोन.

पोटात गेलं तर काय होतं?

हा लेखाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. घाईत असाल तर निदान एवढा तरी वाचाच.

वैद्यकीय नोंदींनुसार साधारण १५ मिलि, म्हणजे चहाचे तीन चमचे टर्पेंटाइनही लहान मुलाच्या जिवावर बेतलेलं आहे. तोंडात आणि पोटात आग होणं, उलटी, खोकला, गुंगी, झटके अशी लक्षणं दिसू शकतात. मूत्रपिंडांनाही इजा होते. पण खरा मोठा धोका पोटात नाही, फुप्फुसात आहे. टर्पेंटाइन फार पातळ असतं. गिळताना ठसका लागला किंवा उलटी होताना थोडंसं जरी श्वासनलिकेत उतरलं, तर ते फुप्फुसात झपाट्यानं पसरतं आणि न्यूमोनिया होतो. रॉकेल प्यायलेल्या मुलाचंही असंच होतं.

म्हणून घरोघरी चालत आलेली 'मीठपाणी पाजा, बोटं घालून उलटी काढा' ही रीत इथं घातक आहे. पोटात एकदा गेलेलं तेल उलटीबरोबर पुन्हा घशाशी येतं आणि फुप्फुसात जायची दुसरी संधी त्याला आपणच देतो.

मग करायचं काय?

• उलटी काढायची नाही. दूध, तूप, तेल, मीठपाणी काहीही पाजायचं नाही.
• मूल शुद्धीत असेल तर तोंड पाण्यानं खळखळून थुंकायला सांगा. बसतं ठेवा. आपोआप उलटी झालीच तर पुढे वाकवा. गुंगीत असेल तर कुशीवर वळवा.
• लगेच १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. विषबाधेबद्दल सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. हे दोन्ही क्रमांक शाळेच्या कार्यालयात भिंतीवर लिहून ठेवा.
• बाटली सोबत न्या. टर्पेंटाइन होतं की एमटीओ, किती होतं, किती वाजता प्यायलं हे डॉक्टरांना सांगा.
• 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी थांबू नका. खोकला आणि धाप काही तासांनीही सुरू होऊ शकते. खडवलीहून कल्याण गाठायला वेळ लागतो, तो वेळ वाट बघण्यात घालवू नका.

डोळ्यात गेलं तर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान १५ मिनिटं डोळा धुवा आणि दवाखान्यात जा. अंगावर सांडलं तर कपडे काढून साबण-पाण्यानं धुवा. वासानं डोकं दुखलं, चक्कर आली तर आधी मोकळ्या हवेत या.

आगीपासून काळजी

रंगकाम चालू असताना दारं-खिडक्या उघड्या ठेवा. विडी-सिगारेट, उदबत्ती, गॅस, स्टोव्ह लांब. टर्पेंटाइन कधीही चुलीवर किंवा गॅसवर गरम करू नका. आग लागलीच तर पाणी ओतू नका, कारण पेटतं तेल पाण्यावर तरंगत सगळीकडे पसरतं. कोरडी वाळू टाका, पावडरचं अग्निशामक वापरा, डबा पेटला असेल आणि जवळ जाता येत असेल तरच झाकण सरकवून हवा तोडा. आग हाताबाहेर जाते असं दिसलं की आधी मुलं बाहेर, मग १०१ ला फोन.

आता तीन गोष्टी, ज्या सहसा कुणी सांगत नाही.

पहिली, चिंध्या. जवसाचं उकळलेलं तेल, ज्याला पेंटर बेलतेल म्हणतात, आणि टर्पेंटाइन लागलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर त्या हवेशी क्रिया होऊन आतल्या आत तापत जातात आणि काडी न लावताही पेटू शकतात. चिंध्या मोकळ्या पसरून बाहेर वाळवा, किंवा पाण्यानं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवा.

दुसरी, टीसीएल पावडर. पिण्याच्या पाण्यात टाकायची ही ब्लीचिंग पावडर शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या कपाटात असतेच. तिच्याशेजारी टर्पेंटाइन ठेवू नका. क्लोरीन आणि टर्पेंटाइनचं अजिबात पटत नाही. गरम टर्पेंटाइनमध्ये बुडवलेला कागद क्लोरीन वायूत धरला तर काडीशिवाय पेटतो, असा प्रयोग रसायनशास्त्राच्या पुस्तकांत असतो. दोन्ही एका कपाटात सांडले तर काय होईल, ते सांगायला नको.

तिसरी, लोकल. आपण खरेदीला कल्याणला जातो आणि सगळं पिशवीत घालून कसाऱ्याच्या गाडीनं परत येतो. शहाड, आंबिवली, टिटवाळा, मग खडवली, चारच तर स्टेशनं! पण गच्च भरलेल्या डब्यात टर्पेंटाइन, थिनर, रॉकेल नेणं हा गुन्हा आहे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६४ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे शेजारी बसलेली माणसं. खिडकीशी कुणी विडी पेटवली तर पळायला जागा कुठे असते? हे सामान गावातल्या किंवा जवळच्या दुकानातूनच घ्या.

उरलेलं कुठे टाकायचं?

नाल्यात किंवा मोरीत नाही, आणि भातसा नदीवर ब्रश धुवायला तर मुळीच नाही. रविवारी जिच्यात लोक पोहायला येतात आणि जिचं पाणी मुंबई पिते, ती हीच नदी. वापरलेलं टर्पेंटाइन काचेच्या बाटलीत झाकून ठेवलं की रंगाचा गाळ खाली बसतो आणि वरचं स्वच्छ तेल पुन्हा ब्रश धुवायला वापरता येतं. असं केलं तर टाकून द्यायला फार थोडं उरतं. लागेल तेवढंच विकत घेतलं तर तेही नाही.

शेवटी एवढंच

टर्पेंटाइन वाईट नाही. आमच्या शाळेतली सूर्यमाला आज भिंतीवर झळकतेय ती त्याच्याच मदतीनं. वाईट आहे ते त्याला पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवणं. मुलाला बाटली दिसते, आतला द्रव नाही. ज्या बाटलीतून तो रोज पाणी पितो, तिच्यात पाणीच असणार, असा त्याचा विश्वास असतो. तो विश्वास मी मोडला होता.

आता आमच्याकडे नियम आहे. रंगाचं कुठलंही सामान मूळ डब्यातच राहील, लेबल खरवडलं गेलं असेल तर जाड अक्षरात 'विष – पिऊ नये' लिहिलं जाईल, काम संपलं की पेंटरसोबतच परत जाईल, आणि एखादा दिवस ठेवावंच लागलं तर वरच्या कपाटात कुलपात. त्या मुलाला मी वर्गासमोर शाबासकी दिली, कारण त्यानं घोट घेण्याआधी विचारलं. "वास वेगळा आला तर प्यायचं नाही, बाईंना विचारायचं," हे आता दुसरीतली सगळी मुलं एका सुरात सांगतात.

आज घरी गेल्यावर एक काम करा. जिन्याखाली, खिडकीत, बाथरूममध्ये एक फेरी मारा. बिनलेबलची एखादी बाटली सापडतेय का बघा. सापडली तर आजच तिची सोय लावा.